आढावबाईंचा संशय

पहिल्या भेटीत आढावबाईंनी मला 'या' म्हटलं नाही की 'बसा' म्हटलं नाही. माझ्या कडेवरच्या मुक्ताच्या तोंडाजवळ नाक नेलं, हुंगलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सकाळी औषध पाजलंय हिला."

"नाही हो."

"तापाचं. संत्र्याच्या वासाचं."

"अहो, संत्रं खाल्लंय तिने! माझ्या सासूबाईंनी नागपूरहून पेटी पाठवलीय."

"प्रत्येकीकडे काहीतरी कारण असतं," बाई म्हणाल्या. "बसा इथे. औषध असेल तर दुपारपर्यंत उतरेल आणि ताप वर येईल. तोवर मी हिला आत घेणार नाही."

माझं डोकंच फिरलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, बाहेर दिल्लीची थंडी, आणि ही बाई मला स्वतःच्या दारात खोटं ठरवतेय! उठून चालायला लागावं असं वाटलं. पण जाणार कुठे? नवरा पहाटेच फरीदाबादच्या कारखान्यात जायचा, माझं मंत्रालयातलं ऑफिस, माझी आई साताऱ्यात, सासूबाई नागपुरात. मयूर विहारमधली दोन पाळणाघरं मी आधीच बघून आले होते. एकात भिंतीवर हत्ती-घोडे रंगवले होते आणि आतून कुबट वास येत होता. दुसऱ्यात मालकीणबाई इतकं गोड बोलल्या की मला भीतीच वाटली. मुक्ता जेमतेम दीड वर्षाची. तिला इथे ठेवता आलं नाही तर नोकरी सोडायची, एवढाच हिशेब उरला होता. म्हणून बसले. पॅसेजमधल्या खुर्चीत, मुक्ताला मांडीवर घेऊन, मनातल्या मनात त्या बाईला लाखोली वाहत.

दुपारी बाईंनी हाताची मागची बाजू मुक्ताच्या मानेला लावली, मग कानामागे, मग पोटाला. "संत्रंच होतं," म्हणाल्या. सॉरी वगैरे काही नाही. "उद्यापासून आणा. आणि संत्रं देताना बिया काढत जा."

हा तापाचा प्रकार मला पुढे कळला. मुलाला सकाळी ताप असतो, आईच्या ऑफिसात मीटिंग असते, वडिलांच्या रजा संपलेल्या असतात. मग औषधाचं एक झाकण पाजायचं, मूल गार झालं की पाळणाघरात सोडायचं आणि मेट्रो पकडायची. दुपारी ताप सणकून वर येतो, तोवर त्या मुलाने बाकीच्या चौघांच्या तोंडातली खेळणी चोखलेली असतात. हे करणाऱ्या बायका काही वाईट नव्हत्या, माझ्यासारख्याच होत्या. बाई मात्र रोज सकाळी दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाचं तोंड हुंगायच्या. कुणी ओशाळायचं, कुणी चिडायचं. बाईंना कशाचंच काही वाटायचं नाही.

आढावबाई मूळच्या नगरच्या. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, बाई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकल्या आणि स्वतःही सरकारी खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. आयुष्य दिल्लीत गेलं तरी मराठी अशी ठणठणीत की आम्हाला लाज वाटावी. मधेच एखादं 'बिल्कुल नाही' यायचं, तेवढंच. मिस्टर वारले होते, मुलगा परदेशात. निवृत्त झाल्यावर आमच्याच सोसायटीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये त्यांनी पाळणाघर काढलं. दारावर लहानसा लाकडी क्रूस होता आणि त्याच्या खाली भली मोठी कडी, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या वर. आत रंगीत भिंती नाहीत, कार्टून नाही. स्वच्छ फरशी, गाद्या, भांडीकुंडी, लाकडी ठोकळे. मदतीला फूलवती नावाची बिहारची पोक्त बाई, स्वतःची तीन मुलं वाढवलेली. नऊ-दहा मुलं असायची, त्यातली निम्मी मराठी घरांतली.

मुलं यायच्या आधी बाई एक काम करायच्या ते मी एकदा लवकर पोचल्यामुळे बघितलं. दार फूलवतीने उघडलं आणि समोर आढावबाई चक्क रांगत होत्या. साठी ओलांडलेली बाई, साडीचा पदर कमरेला खोचलेला, गुडघ्यांखाली उशीचे दोन अभ्रे, आणि सगळ्या खोलीभर रांगत चाललेली. मला हसू आवरेना.

"हसा," त्या खालूनच म्हणाल्या. "उभं राहून खोली साफ दिसते. खाली या म्हणजे कळेल."

मी खाली बसले नाही, ऑफिसची साडी होती. पण त्यांनी पलंगाखालून काढलेल्या वस्तू माझ्या हातावर ठेवल्या. एक बटण, भुईमुगाचा अर्धा दाणा, रिमोटमध्ये असतो तसला चपटा सेल. त्या सेलकडे बघून त्यांचा चेहरा इतका कडवट झाला, जणू तो कुणी मुद्दाम तिथे टाकला होता. "हा माझ्या घरातला नाही," म्हणाल्या. "कुणाच्या तरी खेळण्यातून आलाय." त्या दिवसापासून घरची सगळी खेळणी बंद झाली. ज्या मुलाच्या खेळण्यातून तो आला असेल त्याची आई कोण, हे शोधायला त्या आठवडाभर प्रत्येक आईला आडून आडून प्रश्न विचारत होत्या. आम्ही सगळ्या उगाचच चोरट्यासारख्या वागत होतो.

आता खोटं कशाला बोलू, संशयात मीही काही कमी नव्हते. बाई आमच्यावर संशय घ्यायच्या आणि मी बाईंवर. मुक्ता तिथे जायला लागून महिना झाला असेल. ऑफिसात जेवताना एक मैत्रीण म्हणाली, "यार, तुला माहितीय ना, क्रेशमध्ये मुलांना खोकल्याचं औषध पाजून झोपवतात?" मी डबा बाजूला सारला. कारण मला आठवलं, मी दुपारी कधीही फोन केला की पलीकडे चिडीचूप असायचं. दहा मुलं एकाच वेळी कशी झोपतात? माझी एक पोर झोपवताना माझ्या नाकी नऊ यायचे! शिवाय आदल्या रात्री मुक्ताच्या दंडावर एक लालसर वळ दिसला होता, चिमट्यासारखा. मी फाइल तशीच टाकली, 'तब्येत ठीक नहीं' असं सांगितलं आणि भर दुपारी पाळणाघर गाठलं.

बेल वाजवली. कुणी उघडेना. पुन्हा वाजवली, पुन्हा सामसूम. मनात नाही नाही ते यायला लागलं. दारावर मूठ आपटणार तेवढ्यात आतून अगदी हळू आवाज आला, "कौन?"

"मी. मुक्ताची आई."

"मुक्ताच्या आजोळचं गाव?"

"अहो बाई, मी आहे!"

"गाव सांगा."

"सातारा!" मी जवळजवळ ओरडलेच.

कडी निघाली. बाई तोंडावर बोट ठेवून उभ्या होत्या. मी त्यांना बाजूला सारूनच आत घुसले. खोलीत पडदे ओढलेले, ओळीने गाद्या, आणि गाद्यांवर मुलं झोपलेली. फूलवती मधे बसून एकेकाच्या पाठीवर हात फिरवत होती. एक मुलगा टक्क जागा होता, आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत. मी मुक्ताजवळ बसले. तिचं तोंड हुंगलं. हो, मीही हुंगलं! वरणभाताचा वास. तिच्या पापण्या उचकटून बघणार होते, पण बाई माझ्याशेजारी येऊन फरशीवर बसल्या.

"औषधाचं बघायला आलात ना?" त्या कुजबुजल्या.

मी मुक्ताची बाही वर सारली.

"आणि दंडावरचा वळ. तो त्या जाग्या पोराने काढलाय, काल, ठोकळ्यावरून. काल तुम्ही घाईत होतात, आज संध्याकाळी सांगणारच होते. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. बसा आणि बघा, ही पोर हाक मारल्यावर उठते का नीट."

मी बसले. थोड्या वेळाने मुक्ता स्वतःच उठली, मला बघून खुदकन हसली आणि गादीवरून उतरून थेट बाईंच्या मांडीत जाऊन बसली. माझ्या नाही, बाईंच्या. मला राग आला, हायसंही वाटलं, आणि वर रडूही यायला लागलं. बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, आता ऐकवणार, उद्यापासून मुलीला आणू नका म्हणणार. पण त्या खुशीत होत्या. त्यांना इतकं खूश मी पहिल्यांदाच बघत होते.

"तुम्ही आलात ते फार बरं केलंत," त्या म्हणाल्या. "बाकीच्या कुणी येतच नाहीत. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे बाई, म्हणतात. विश्वास! मी कोण यांची? आज ओळख, उद्या पोर हातात. तुम्ही येत जा. न सांगता या. कधीही या."

तेव्हापासून मी जायला लागले. कधी दुपारी, कधी सकाळी उशिरा, कधी ऑफिसातून लवकर निघून. बाई दर वेळी गाव विचारायच्या, दर वेळी मी सातारा म्हणायचे, आणि त्या मला आत घ्यायच्या. नवरा म्हणायचा, "तुम्हा दोघींचं जमलंय चांगलं. दोघी एकमेकींवर पहारा करता." त्याला गंमत वाटायची. मला मात्र ऑफिसात बसून काम करता यायला लागलं होतं. मुक्ता तिकडे बरी आहे हे मला नुसतं वाटत नव्हतं, मी बघून आलेली असायचे.

बाईंचा सगळ्यात विचित्र नियम म्हणजे काका, मामा, आजोबा ही हाक त्यांच्या घरात बंद होती. आपल्या मराठी घरांत मुलाला बोलता येण्याआधीच शिकवतात, 'काकांना नमस्कार कर', 'मामांना टाटा कर'. गॅसवाला काका, लिफ्टमधला काका, पोलीसकाका. बाईंना याची भयंकर चीड. "ज्याला त्याला काका म्हणायला लावता, आणि मग खरा काका कोण ते त्या पोराला कसं कळायचं? काका म्हटलं की ते हात धरतं. कुणाचाही." त्यांना स्वतःलाही कुणी आजी म्हटलेलं खपायचं नाही. एखादं मूल लाडात येऊन आजी म्हणालं की त्या सांगायच्या, "मी बाई. आजी घरी असते." आम्हाला हे फार कोरडं वाटायचं.

या संशयापायी एकदा मोठा तमाशा झाला. आमच्याच मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा ईशान तिथे असायचा. त्याचे आजोबा पुण्याहून आले, निवृत्त पोलीस अधिकारी, भरघोस मिशा, करडा आवाज. नातवाला सरप्राइज द्यायचं म्हणून सुनेला न सांगता थेट पाळणाघरात गेले. बाईंनी दार फटीएवढं उघडलं. आजोबा म्हणाले, "मी ईशानचा आजोबा. त्याला न्यायला आलोय."

"त्याच्या आईने मला सांगितलेलं नाही."

"अहो, आत्ता फोन लावून देतो." त्यांनी सुनेला फोन लावला, ती मीटिंगमध्ये, उचलेना. मग मुलाला लावला. पलीकडून आवाज आला, "बाई, ते माझे वडील आहेत, द्या ईशानला." बाईंनी फोन कानाला लावून शांतपणे ऐकून घेतलं आणि परत दिला. "हा ईशानच्या वडिलांचा आवाज नाही," म्हणाल्या.

झालं! तो ईशानच्याच वडिलांचा आवाज होता, फक्त त्यांना सर्दी झाली होती. आजोबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी आयुष्यभर चोर पकडले, आणि तुम्ही मला चोर ठरवता?" ते इतक्या जोरात गरजले की वॉचमन धावत आला. आतून ईशान 'आबा, आबा' करून रडायला लागला. दुसरी कुणी असती तर तिथेच विरघळली असती, मूल स्वतः ओळखतंय म्हटल्यावर. बाईंनी दार लावून घेतलं. मग पुन्हा फटीएवढं उघडून आजोबांना पायरीवर बसायला चटई दिली, पाण्याचा तांब्या दिला, पंख्याचं तोंड खिडकीच्या जाळीतून त्यांच्याकडे वळवलं आणि पुन्हा कडी घातली. सून येईपर्यंत आजोबा त्या चटईवर धुमसत बसले.

संध्याकाळी कुलकर्णी नवरा-बायको बाईंशी भांडायला गेले. मी मुक्ताला घ्यायला तिथेच होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या आजोबांनाच म्हणाल्या, "तुम्ही पोलिसात होतात. मुलं पळवणारी माणसं ओळखीची असतात की अनोळखी?"

आजोबा मिशीवरून हात फिरवत राहिले. मग सुनेला म्हणाले, "चल. बाईंना त्रास देऊ नकोस." पण जाताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. मानी माणूस, त्यांना लागलं होतं. ते लागलंय हे बाईंनाही कळलं. मला म्हणाल्या, "बिचारे. नातवासाठी एवढ्या लांबून आले." आणि आत निघून गेल्या.

अशा बाईबद्दल लोक काही ना काही बोलणारच. सोसायटीत पक्की अफवा होती की बाईंचं एक मूल दगावलं होतं, म्हणून त्या अशा झाल्या. मलाही ते खरं वाटायचं. एकदा धीर करून विचारलंच, "बाई, तुमच्या घरात काही झालं होतं का? म्हणून एवढं..."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वाईट बोलले होते. "काहीही झालेलं नाही. देवाच्या दयेने माझं पोर धडधाकट आहे. काहीतरी झाल्यावरच माणसाने सावध व्हायचं का? कमाल आहे तुमची!"

मग संक्रांत आली. आपल्याकडे लहान मुलांचं बोरन्हाण करतात. मूल पाटावर बसवायचं, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, शेंगा ओतायच्या. बाकीच्या पोरांनी खाली पडलेलं लुटायचं, खायचं. सोसायटीतल्या आम्ही मराठी बायकांनी ठरवलं, पाळणाघरातच सगळ्यांचं एकदम करू. काळी झबली शिवून झाली, हलव्याचे दागिने आले. बाईंना सांगायला गेलो तर त्यांचा चेहरा कसानुसा झाला.

"दोन वर्षांच्या पोरांच्या डोक्यावर बोरं आणि शेंगदाणे ओतणार? आणि ती उचलून तोंडात घालणार?"

"अहो बाई, शंभर पिढ्या चाललंय हे," ईशानची आई म्हणाली.

"घरात एक मूल असतं आणि भोवती दहा मोठी माणसं असतात. इथे दहा मुलं आणि तुम्ही सगळ्या फोटो काढणार. कोणाच्या तोंडात काय गेलं ते कोण बघणार?"

बाहेर आल्यावर एकजण म्हणाली, "त्यांना काय आपल्या सणांचं? ख्रिश्चन आहेत ना." आमच्यामागे दार अजून लागलं नव्हतं. बाईंना ऐकू गेलं असणार. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! ज्या बाईने माझ्या मुलीला स्वतःच्या हातांनी धुऊन-पुसून 'मुक्ताबाई' म्हणत ओव्या गाऊन झोपवलं, तिला हे ऐकावं लागलं. असं बोलणारीशी मी तिथेच कडाकडा भांडले आणि आमचं बोलणं पुढे वर्षभर बंद होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच निरोप धाडला, बोरन्हाण इथेच करा. गेलो तर बाईंनी टोपलीभर चुरमुरे आणले होते, झेंडूच्या पाकळ्या, आणि फूलवतीकडून शिवून घेतलेले लाल कापडाचे बोराएवढे, नव्हे चांगले लिंबाएवढे गोळे. "ही यांची बोरं," म्हणाल्या. "खरी तुम्ही खा." आम्ही ओतलं. पोरं पाकळ्या उडवत, गोळे एकमेकांना मारत किंचाळत होती. आम्ही फोटो काढत होतो. बाई मात्र भिंतीला टेकून फक्त पोरांच्या तोंडांकडे बघत होत्या, एकेकाच्या जबड्याकडे. कुणाच्या अंगावरचा हलव्याचा दाणा सुटला की पुढे वाकून उचलायच्या. सगळं संपल्यावर कुणीतरी जरा खवचटपणे म्हणालं, "बघा बाई, काही झालं नाही." बाई म्हणाल्या, "हो, छान झालं," आणि अगदी मनापासून हसल्या. मग तिळगूळ मोडून, त्याची भुकटी करून, स्वतःच्या हाताने प्रत्येक पोराच्या जिभेवर ठेवला. मुक्ताला सगळ्यात शेवटी. तिच्या काळ्या झबल्यावरून हात फिरवत त्या जरा जास्तच वेळ तिथे बसल्या. माझ्या मनात त्या क्षणी संशय नावालाही उरला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, बाईंनी सगळ्या आईबापांना बोलावलं आणि सांगितलं की उद्यापासून पाळणाघर बंद. उद्यापासून! खोलीत एकच गलका उडाला. कुणी म्हणालं, निदान महिनाभर तरी द्या. कुणी म्हणालं, मुलाने परदेशात बोलावलं असणार. कुलकर्णी म्हणाले, फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं असेल. बाई हात जोडून उभ्या होत्या, एवढंच म्हणत होत्या, "माझ्याच्याने आता होत नाही. मला माफ करा." शेवटी सगळे कुरकुरत निघून गेले. मी मागे राहिले. फूलवती कोपऱ्यात डोळे पुसत होती.

"खरं काय ते सांगा, बाई," मी म्हटलं. "होत नाही वगैरे मला पटत नाही."

"तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

त्यांच्या बाथरूममध्ये बादली कधी भरलेली नसायची. आमच्याकडे पाणी सकाळ-संध्याकाळ येतं, उन्हाळ्यात सगळी घरं बादल्या, टब, पातेली भरून ठेवतात. बाई ठेवत नसत. मुलाचं डोकं जड, बादलीवर वाकलं की आत उलटं जातं, आणि आवाजही होत नाही. म्हणून त्यांची बादली उपडी आणि बाथरूमला बाहेरून वरची कडी. शुक्रवारी दुपारी त्या उठून बघतात तर कडी उघडी, बादली काठोकाठ भरलेली, आणि एक पोर बादलीच्या काठाला धरून पाण्यावर थापट्या मारत उभी.

"मी तिला उचललं आणि फूलवतीवर धावून गेले. नाही नाही ते बोलले. ती शपथा घेत होती, बीबीजी, हमने नहीं भरी. मी ऐकलं नाही. तिला घरी पाठवून दिलं. शनिवारी मुलं नव्हती, फूलवती नव्हती, मी घरात एकटी. दुपारी बाथरूममध्ये गेले." बाईंनी बाथरूमच्या दाराकडे बघितलं. "बादली भरलेली होती. कडी काढलेली होती. घरात माझ्याशिवाय कुणी नाही. आणि मला काही आठवत नाही. नळ सोडल्याचं नाही, कडी काढल्याचं नाही. आज सकाळी फूलवतीच्या खोलीवर जाऊन तिचे पाय धरले."

मी मग विचारलं, "शुक्रवारी कोण होती तिथे?"

"तुमची मुक्ता."

मुक्ता शेजारीच ठोकळे रचत होती, तिला ओढून मी मांडीत घेतलं. पण मग डोळ्यांपुढे उद्याची सकाळ आली, ऑफिस आलं, ती गोड बोलणारी मालकीणबाई आली. आणि या बाईसारखं माझ्या पोरीला पुन्हा कुणी बघणार नाही हेही आलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही डॉक्टरांना दाखवा. फूलवती आहे, आम्ही आहोत. बाथरूमला कुलूप लावू. काही झालं तर नाही ना? माझा तुमच्यावर विश्वास आहे."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या चिडल्याही होत्या.

"तुम्हीसुद्धा?" म्हणाल्या. "तुम्ही एक होतात म्हणून मला झोप लागायची."

त्यानंतर मुक्ता पलीकडच्या ब्लॉकमधल्या नव्या पाळणाघरात जायला लागली. तिथे कॅमेरे आहेत, ऑफिसात बसून फोनवर पोर दिसते. दिसते, पण छताच्या उंचीवरून. मी पहिले कितीतरी दिवस कामात चुका करत होते. आढावबाई पुढे नगरला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या, असं फूलवतीकडून कळलं.

त्या जायच्या आधी एकदाच भेटल्या. थंडी सुरू झाली होती, संध्याकाळी मी मुक्ताला सोसायटीच्या बागेत खेळायला घेऊन आले होते. बाई बाकावर बसल्या होत्या, जाड शाल पांघरून, बऱ्याच वाळल्या होत्या. मुक्ताने त्यांना लांबून ओळखलं आणि 'बाई!' करत धावत सुटली. त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, स्वेटरचं वरचं बटण लावलं. तेवढ्यात माझा फोन वाजला, गेटवर सिलेंडरवाला आला होता, सही हवी होती. मी सहज म्हटलं, "बाई, दोन मिनिटं हिला बघता? मी आलेच."

बाई एकदम उभ्या राहिल्या. मुक्ताचे हात त्यांनी आपल्या गुडघ्यांवरून हळूच सोडवले आणि तिला माझ्याकडे वळवलं.

"नाही," म्हणाल्या. "बिल्कुल नाही. हिला बरोबर न्या."

"अहो, दोनच मिनिटं."

"न्या म्हणते ना!" त्यांचा आवाज फाटला. मुक्ता घाबरून माझ्याकडे आली आणि रडायला लागली, तिला बाईंकडेच राहायचं होतं. मी तिला कडेवर घेतलं. ती माझ्या खांद्यावरून दोन्ही हात बाईंकडे पसरून रडत होती, आणि बाईंनी आपले हात शालीत घट्ट आवळून धरले होते.

गेटपाशी पोचून मी मागे वळून बघितलं. त्या तिथेच उभ्या होत्या, आणि मुक्तावर डोळे लावून होत्या.